सहज न उघडणारे स्टेनलेस स्क्रू : तुमचा अनुभव सांगा

आमच्या वाचनालयाच्या बाहेरचा सूचनाफलक दोनदा उचकटला गेला. स्क्रू साधे, फुलीच्या खाचेचे होते. कोणाच्याही खिशातल्या स्क्रूड्रायव्हरने निघतील असे. आता छेडछाडरोधक घ्यायचे आहेत. ज्यांनी वापरलेत त्यांनी काय निवडलं, काय चुकलं, हे मोकळेपणाने लिहा.

---

मी एकमार्गी स्क्रू लावले होते. त्यांची खाच अशी कापलेली असते की घट्ट करताना धार पकड देते, उलट फिरवलं की स्क्रूड्रायव्हर उतारावरून घसरतो. वर्षभर समाधान होतं. मग आतला दिवा गेला आणि आठ स्क्रू मलाच काढायची वेळ आली. पहिल्यावर जोरात ड्रिल चालवलं, तर टोक नुसतं घासत राहिलं आणि डोकं चकचकीत झालं. स्टेनलेस कापलं न जाता नुसतं घासलं, दाबलं गेलं की तिथेच अधिक कडक होतं. नंतर कोबाल्टचं ड्रिल आणलं, वेग कमी केला, तेलाचा थेंब सोडला आणि दाब अजिबात सैल केला नाही. तेव्हा कुठे चमकदार, वळलेला कीस निघायला लागला. आठ स्क्रूंना अख्खी दुपार गेली. जे पुन्हा कधीच उघडायचं नाही, तिथेच हे लावा.

---

मी सहा पाकळ्यांची खाच आणि मधोमध खुंटी असलेले टॉर्क्स वापरतो. देखभाल असेल तिथे हेच बरे. मात्र त्यांचं बीट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरला लावायचं टोक, कोणालाही विकत मिळतं आणि खुंटी ठोकून मोडली की साधं टॉर्क्स बीटही बसतं. भुरट्या हाताला ते रोखतात, तयारीने आलेल्याला नाही. दोन छिद्रांचे स्क्रू तर नोकदार पकडीनेही फिरतात. माझ्या मते ते बाहेर लावूच नयेत. आणि रंगकाम करताना खाचेवर चिकटपट्टी लावा, रंग आत वाळला की बीट बसतच नाही.

---

खाचेइतकाच धातूचा विचार करा, ही कळकळीची विनंती. आमचं फाटक समुद्राजवळ आहे. स्टेनलेसच्या ३०४ प्रतीच्या स्क्रूंवर काही महिन्यांत तपकिरी ठिपके आले. ३१६ प्रतीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं. पाकिटावर ए२ म्हणजे ३०४ च्या जातीचं, ए४ म्हणजे ३१६ च्या. चुंबक लावून या दोघांतला फरक कळत नाही, म्हणून खूण वाचूनच घ्या. फलक ॲल्युमिनियमचा असेल तर मध्ये नायलॉनचा वायसर घाला; नाहीतर ओलाव्यात स्क्रूभोवतीचं ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं.

---

स्टेनलेस स्क्रूला स्टेनलेसच नट असेल तर मशीनने भरभर आवळू नका. माझे आटे मध्येच एकमेकांत रुतले; मागेही येईनात, पुढेही जाईनात. शेवटी स्क्रू तुटला. आता आट्यांना आधी जाम न होऊ देणारं ग्रीस लावतो आणि हातानेच फिरवतो.

---

सगळ्यांचे आभार. फलकाची काच महिन्यातून एकदा उघडावी लागते, म्हणून तिथे खुंटीचे टॉर्क्स, ए४ प्रतीचे. भिंतीत जाणारे चार मात्र एकमार्गी. दोन बीटं घेतोय : एक कपाटात, एक ग्रंथपालांकडे.