वैयक्तिक वेबसाइटवर खरोखर किती जण येतात? (फुकटातली साधनं)

मंडळी, नमस्कार.
माझ्या साइटवर किती वाचक येतात ते पाहायचंय. होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधलं एडब्ल्यूस्टॅट्स महिन्याला हजारो हिट्स दाखवतं, पण तेवढे वाचक असतील असं वाटत नाही. पैसे न मोजता खरा अंदाज देणारं काही आहे का? साइट साध्या एचटीएमएलची आहे, वर्डप्रेस नाही.

---

ताई, हिट्सकडे पाहूच नका. पान उघडलं की त्यातलं प्रत्येक चित्र, सीएसएसची फाइल, फेव्हिकॉन हे सगळं ब्राउझर वेगवेगळं मागतो आणि प्रत्येक मागणीची एक हिट धरली जाते. दहा चित्रांच्या पानावर एकच वाचक आला, तरी डझनभर हिट्स. 'व्हिजिट्स'चा आकडा त्यातल्या त्यात बरा, पण तोही फुगलेला असतो. गूगलबॉट, बिंगबॉट हे बॉट (आपोआप पानं उघडत फिरणारे प्रोग्राम) आपलं नाव सांगतात म्हणून वेगळे काढता येतात. ब्राउझर असल्याची बतावणी करणारे बॉट माणसांत मोजले जातात. सर्व्हरचा कच्चा लॉग (प्रत्येक मागणीची नोंदवही) उतरवून वाचा. डब्ल्यूपी-लॉगिन डॉट पीएचपी (वर्डप्रेसचं लॉगिनचं पान) मागणाऱ्या आणि ४०४, म्हणजे 'असं पान नाही', हे उत्तर घेऊन परतणाऱ्या ओळी हमखास सापडतील. तुमच्याकडे वर्डप्रेस नसतानाही! दिसेल त्या दाराचं कुलूप चाचपत फिरणारी यंत्रं आहेत ती.

वाचक मोजायला मी गोटकाउंटर हे साधन सुचवेन. मुक्तस्रोत आहे, छोट्या बिगरव्यापारी साइटला फुकट आहे, कुकी ठेवत नाही. बॉडी टॅग बंद होण्याआधी स्क्रिप्टची एक ओळ चिकटवायची, बस. बरेच बॉट जावास्क्रिप्ट चालवत नाहीत, ते आपोआप वगळले जातात. ॲडब्लॉकर लावलेले काही वाचकही निसटतात, तेवढं धरून चाला.

---

अहो, गूगल ॲनालिटिक्स राहिलंच की! तेही फुकट आहे.

---

काका, आहे खरं, पण लहान साइटला फार अवजड. जुनं ॲनालिटिक्स जुलै २०२३ मध्ये बंद झालं आणि नव्या जीए४मध्ये साधा पानांचा आकडा शोधायलाही वेळ जातो. शिवाय युरोपातले वाचक असतील तर कुकीची परवानगी मागावी लागते. 'नको' म्हणणारे मोजणीतून गेले. सगळा डेटा स्वतःच्या सर्व्हरवरच हवा असेल तर मॅटोमो आहे, त्याला पीएचपी आणि मायएसक्यूएल लागतं.

गूगलचंच सर्च कन्सोल मात्र ताईंनी जरूर लावावं. मालकी पटवायला एक फाइल चढवली की पुरे. लोक काय शोधत तुमच्या पानापर्यंत आले ते कळतं, १६ महिन्यांपर्यंतचं. एखादं पान शोधात वारंवार दिसतंय पण कोणी उघडत नाही, असं आढळलं तर त्याचं शीर्षक बदलून पाहा. वाचक किती यापेक्षा ते काय शोधत होते हे कळणं मला फार मोलाचं वाटतं. पुढे काय लिहायचं ते त्यातून सुचतं.

---

गोटकाउंटर आणि सर्च कन्सोल दोन्ही लावलं, मनापासून आभार! आता गोटकाउंटरमध्ये माझ्याच भेटी मोजल्या जातायत, त्या कशा वगळू?

---

साइटच्या पत्त्याच्या शेवटी हॅशचं चिन्ह (#) टाकून रोमन लिपीत 'टॉगल-गोटकाउंटर' लिहा आणि पान उघडा. त्या ब्राउझरची मोजणी थांबते. फोनवर वेगळं करावं लागेल.