भाषा, बोली की नुसता हेल? नोंद कशी करायची?

कानोसा:
बोलण्याच्या रेकॉर्डिंगची यादी करते आहे. ‘भाषा’, ‘बोली’, ‘हेल’ असे तीन रकाने आहेत. वेगळं ऐकू आलं की कुठे काय लिहायचं? वऱ्हाडी आणि कोकणीपाशी गाडी अडली आहे.

स्वरांकन:
आधी बोलणं जसंच्या तसं उतरवा, त्याखाली तेच प्रमाण मराठीत लिहा. शब्द आणि प्रत्यय तेच, फक्त उच्चार, आघात, चढउतार निराळे, तर तो हेल. ‘पाणी’चं ‘पानी’ झालं म्हणून लगेच बोली ठरत नाही. पण ‘काय करतोयस’च्या जागी ‘काय करून राहिला’ आलं की क्रियापदाची घडणच बदलली, ही बोली. घोळ होतो तो इथे: प्रमाण व्याकरण पाळून वऱ्हाडी हेलात बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांची नोंद बोली म्हणून करू नका. आणि हेलाचा रकाना कधीच रिकामा सोडू नका. प्रमाण बोलणाऱ्यालाही हेल असतोच.

शब्दवेल्हाळ:
भाषा की बोली, हे कानाने ठरत नाही. दोन्हीकडच्यांना एकमेकांचं बोलणं कितपत कळतं, ते तपासावं लागतं. दोन-तीन मिनिटांचं कथन घ्या, त्यावर दहा प्रश्न काढा. आधी त्याच बोलीच्या लोकांना ऐकवा. त्यांनाच अडलेला प्रश्न वाईट, तो काढून टाका. मग दुसऱ्या बाजूच्या किमान दहा जणांना ऐकवा, पण त्या बोलीच्या सहवासात राहिलेले नकोत. त्यांचं कळणं सवयीचं असतं. चाचणी उलट दिशेनेही हवीच: पोर्तुगीज बोलणाऱ्यांना स्पॅनिश जितकी कळते, तितकी स्पॅनिशवाल्यांना पोर्तुगीज कळत नाही. दोन्हींतलं साम्य मोजायला शब्दयादी करणार असाल तर अवयव, नाती, अंक असे रोजचे शब्द घ्या. संस्कृतातून आलेले शब्द घेतले की साम्य उगाच फुगतं.

कानोसा:
मग कोकणी?

स्वरांकन:
तिथे आकलनाची चाचणी पुरत नाही. कोकणीला साहित्य अकादमीने १९७५मध्ये मान्यता दिली, १९८७मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. भाषेचा दर्जा समाज आणि राज्य मिळून ठरवतात. हिंदी-उर्दूचं रोजचं बोलणं एकमेकांना कळतं, तरी त्या दोन भाषा. मँडरिन-कँटोनीज एकमेकांना कळत नाहीत, तरी त्यांना चिनीच्या बोली म्हणतात. तुम्ही ‘भाषा’ रकान्यात कोकणीच लिहा, जोडीला आयएसओ ६३९-३ या भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला कोड द्या. त्या यादीत वऱ्हाडी-नागपुरीलाही स्वतंत्र कोड आहे, तोही टाका. शिवाय चौथा रकाना काढा: बोलणारा आपल्या बोलण्याला काय म्हणतो, ते त्याच्याच शब्दांत.