हॉलंड व्हिलेजचे पब आणि हॉकर सेंटर: एक लांबलेला प्रतिसाद

कोपी_ओ

'सिंगापुरातल्या दोन संध्याकाळी' या धाग्यावर घाटावरचा यांनी ठोकून दिलंय: "हॉलंड व्हिलेजात जाऊन पबात बसणारा मराठी माणूस म्हणजे कोल्हापुरात जाऊन पिझ्झा मागवणारा. खरं सिंगापूर हॉकर सेंटरात. पब ही गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी उघडलेली दुकानं, आणि सोळा डॉलरचा पिंट पिणारे शुद्ध मूर्ख." (नवख्यांसाठी: हॉलंड व्हिलेज ही सिंगापुरातली एक वस्ती, आणि हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली स्वस्त खाण्याचे गाळे.) तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते लांबत गेलं. म्हणून वेगळा धागा.

आधी पत्ता बघा. तिथल्या हॉकर सेंटरचा पत्ता आहे १, लोरोंग मामबोंग. पब कुठे आहेत? त्याच लोरोंग मामबोंगवर. संध्याकाळी गाड्या बंद होतात आणि खुर्च्या रस्त्यावर येतात, ती हीच गल्ली. म्हणजे तुमचं "खरं" आणि "खोटं" सिंगापूर एकमेकांच्या शेजारी नांदतंय.

पब तिथेच का, याचंही कारण आहे. हॉलंड अव्हेन्यू ओलांडली की चिप बी गार्डन्स लागतं. ती १९५०च्या दशकात ब्रिटिश लष्करी कुटुंबांसाठी बांधलेली घरं. १९७१मध्ये सैन्य गेलं, घरं राहिली, नवे परदेशी भाडेकरू आले. आणि ज्याला तुम्ही अस्सल म्हणता ते हॉकर सेंटर? १९७१ ते १९८६ या काळात सरकारनं फेरीवाल्यांना रस्त्यावरून उठवून अशा सेंटरांत बसवलं. अस्सलपणात दोघंही सारखेच नवे.

आता कामाचं. हॅपी अवर, म्हणजे पबातली स्वस्त बीअरची वेळ, बहुतेक ठिकाणी सात-आठला संपतो आणि हॉकरचे बरेच गाळे आठच्या सुमारास आवरायला घेतात. त्यामुळे सहाला सेंटरात जेवायचं आणि सातच्या आत पबात टेकायचं. उलट क्रम केलात तर बीअर स्वस्त मिळेल, पण पोटात जाईल ते उरलंसुरलं. मेनूवर "++" दिसलं की १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी धरा. १६ चा पिंट १९.१८ ला पडतो. पिंट ५६८ मिलिलिटरचा की ४७३ चा, हे ऑर्डर देण्याआधी विचारा. गल्लीत सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते.

घाटावरचा

इतिहासाच्या तासाबद्दल आभार. मुद्दा तिथेच आहे. त्याच गल्लीत पाच-सहा डॉलरमध्ये चिकन राइसचं ताट मिळतं, पाटीवरचा आकडा हाच शेवटचा आकडा, सेवाशुल्क नाही. बीअर हवी तर कॉफी शॉपमध्ये, म्हणजे तिथल्या साध्या खानावळीत, ६३३ मिलिलिटरची बाटली बर्फाच्या मगासकट मिळते, पबातल्या पिंटच्या निम्म्यात. १९ डॉलर देणाऱ्याला मूर्ख नाही तर काय म्हणायचं? दानशूर?

रेडहिलचा_जावई

घाटावरचा, लुबाडणूक वगैरे काही नाही. सिंगापुरात दारूवर कर प्रचंड आहे. पबवाला काय करणार?

कोपी_ओ

जावईबापू, माझ्या बाजूनं बोलताय, पण चुकीचं बोलताय. बीअरवर अबकारी कर शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमागे ६० डॉलर. ५ टक्क्यांच्या ५६८ मिलिलिटरमध्ये अल्कोहोल २८.४ मिलिलिटर, म्हणजे कर १ डॉलर ७० सेंट. आयात बीअरवर अल्कोहोलच्या त्याच लिटरमागे आणखी १६ डॉलर सीमाशुल्क, तरी सव्वादोन डॉलरच्या आत. सोळापैकी उरलेले चौदा कराचे नाहीत. ते गाळ्याच्या भाड्याचे, नोकरांच्या पगाराचे आणि तुम्ही खुर्ची तीन तास अडवता त्याचे. हॉकर सेंटरात टेबल वीस मिनिटांत रिकामं होतं. तिथे तीन तास बसून दाखवा, ट्रे हातात धरलेली मावशी डोक्यावर येऊन उभी राहील.

आणि पाच डॉलरच्या ताटाचा फार अभिमान नको. रस्त्यावरून हलवलेल्या पहिल्या पिढीच्या हॉकरना सरकारनं सवलतीचं भाडं दिलं, वर वर्षाला दहा लाख डॉलरच्या खालच्या उलाढालीला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. स्वस्ताई हा गाळेवाल्याचा चांगुलपणा नव्हे. त्यासाठी तो पहाटेपासून उभा असतो आणि त्याची मुलं गाळा चालवायला तयार नाहीत. २०२०मध्ये युनेस्कोनं हॉकर संस्कृतीचं नाव अमूर्त वारशाच्या यादीत घातलं, पण त्यानं गाळ्यात मुलगा येऊन उभा राहत नाही.

अळूवडी

तुम्ही दोघं भांडा खुशाल. शाकाहारी माणसानं काय खायचं, ते कुणी सांगेल का? पबात फ्राइज, हॉकर सेंटरात वास. माझ्या मेव्हण्यानं "व्हेजिटेरियन" पाटी बघून शेवया घेतल्या, तर वर चक्क चिकनचे तुकडे! फसवणूक आहे ही, आणि कुणी बोलत नाही.

तिखटजाळ

मेव्हण्याला सांगा, ते चिकन नव्हतं. चिनी शाकाहारी गाळ्यावर गव्हाचं ग्लूटेन आणि सोया यांचे मांसासारखे दिसणारे तुकडे असतात. "व्हेजिटेरियन बी हून" हा तो पदार्थ. बौद्ध पद्धतीमुळे त्यात कांदा-लसूणही नसतो. अंडं मात्र काही गाळ्यांवर असतं, ते विचारायचं. चिनी महिन्याची पहिली आणि पंधरावी तारीख, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पुष्कळ चिनी लोक शाकाहार पाळतात. त्या दिवशी रांग मोठी आणि माल लवकर संपतो.

खरी फसगत होते ती पाटी नसलेल्या, भाजीसारख्या दिसणाऱ्या पदार्थांत:

कॅरट केकमध्ये गाजर नाही. मुळा आणि तांदळाच्या पिठाच्या वड्या अंड्यात परतलेल्या असतात. रोजाकमध्ये फळं आणि काकडी दिसते, पण काळी चटणी कोळंबीच्या खाऱ्याची. यॉन्ग ताउ फूमध्ये टोफू आणि भेंडी, आत माशाचं सारण. संबल या मिरचीच्या चटणीत बेलाचान, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा, आणि लाक्सा या शेवयांच्या रश्श्याच्या वाटणात सुकी कोळंबी. चार क्वे तियाओला, म्हणजे तांदळाच्या परतलेल्या रुंद शेवयांना, डुकराची चरबी. प्राटाबरोबर (पराठ्यासारखी पोळी) जी आमटी ओततात ती बहुधा माशाची किंवा मटणाची. "डाल" असं स्पष्ट मागायचं. थंडर टी राइस, म्हणजे भाज्या आणि पाल्याचा चहा घातलेला भात, चांगला, फक्त वरचे सुके मासे, इकान बिलिस, काढायला सांगायचे.

अळूवडी

म्हणजे सारांश, काहीच खाऊ नका. आणि कढई एकच असेल तर?

तिखटजाळ

मिश्र गाळ्यावर कढई एकच असते. ते चालत नसेल तर पूर्ण शाकाहारी गाळा किंवा लिटल इंडिया ही भारतीय वस्ती. याला तिसरा मार्ग नाही.

सात्त्विक_सदू

कांदा-लसूण नाही म्हणजे जैनांनाही चालेल का?

तिखटजाळ

नाही. मुळा आणि मश्रूम हमखास असतात. प्रत्येकाला आपल्या घरचं स्वयंपाकघर परदेशात हवं असेल तर थेपले घेऊन निघा आणि विमानतळावरच बसा.

अळूवडी

विचारलं त्याचं उत्तर द्या, शिकवण नको. मासे खाणाऱ्यांचा हा माज नवीन नाही. आम्ही पैसे देऊन खातो, भीक मागत नाही.

तिखटजाळ

माज? अर्धा तास बसून यादी टंकली, तो माज? बरं. थेपल्यांचं वाक्य मागे घेतो. यादी मागे घेत नाही.

संपादक_मंडळ

वैयक्तिक शेरे टाळावेत. धागा पब आणि हॉकर सेंटरवर आहे.

रेडहिलचा_जावई

शाकाहारावरून आठवलं, ताटं परत ठेवताना हलाल आणि बिगर-हलालचे रॅक वेगळे असतात. आपले लोक सरसकट कुठेही ठेवतात. आणि ठेवतच नाहीत, ते तर आणखी वाईट. सप्टेंबर २०२१पासून हॉकर सेंटरात ताट स्वतः परत न ठेवल्यास पहिल्यांदा लेखी ताकीद, पुढच्या वेळी ३०० डॉलर. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा अडवलेली आहे, कुणी विसरून गेलेलं नाही. ते उचलून खिशात घालू नये, हे सांगावं लागतं हेच दुर्दैव.

घाटावरचा

बरं, भाड्याचं गणित पटलं. "मूर्ख" शब्द मागे घेतो, "हौशी" लिहितो. पण पबात तीन तास बसून काय मिळतं, हे कोपी_ओ यांनी अजून सांगितलेलं नाही.

कोपी_ओ

रात्री साडेदहानंतर बसायला जागा मिळते. २०१५च्या कायद्यानं साडेदहा ते सकाळी सातपर्यंत दुकानातून दारू विकत मिळत नाही आणि सार्वजनिक जागी पिताही येत नाही. तुमची ती अर्ध्या किमतीची बाटली बाकावर घेऊन बसलात तर दंड तिच्या कैक पट होईल. लिटल इंडिया आणि गेलांगमध्ये तर शनिवार-रविवार सार्वजनिक जागी पूर्ण बंदी. तेव्हा साडेदहानंतर गप्पा मारायच्या तर परवाना असलेलं छप्पर लागतं, आणि छपराचं भाडं पिंटमध्ये असतं.

हां, एक मान्य. निव्वळ खायला त्या गल्लीच्या पबात जाऊ नये. बर्गर महाग आणि साधारण. हॉलंड ड्राइव्हचं सेंटर, ब्लॉक ४४, चालत जवळच आहे. गर्दी रहिवाशांची. फक्त जाण्याआधी साफसफाईच्या तारखा बघा, तीन महिन्यांतून एकदा सेंटर बंद असतं, आणि सोमवारी निम्मे गाळे बंद सापडतात.

घाटावरचा

हे आधी सांगितलं असतंत तर अख्खा धागा वाचला असता.

सात्त्विक_सदू

तिथे सागो गुला मलाका मिळतो ना? साबुदाणा, नारळाचं दूध, माडाचा गूळ. चतुर्थीला चालेल का?

अळूवडी

त्यात पानदान नावाच्या सुवासिक झाडाची पानं असतात. पानदान उपासाला चालतं का, ते आधी ठरवा.

रेडहिलचा_जावई

त्यासाठी वेगळा धागा काढा.