पुण्यातली नोकरी सोडून कुडाळला जावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. मी आणि नवरा दोघंही हिंजवडीत आयटीत आहोत, वाकडला फ्लॅट आहे, त्याचं लोन अजून बरीच वर्षं चालेल. पगार चांगलाय पण खरं सांगते, इथे मन लागत नाही, ट्रॅफिकमधून घरी आलं की मुलीशी धड बोलायचंही त्राण उरत नाही. सासर कुडाळचं, घर आहे, थोडी आंब्याची कलमं आहेत, नवरा तिथे गेला की सकाळी बागेत जातो तो जेवायलाच परत येतो, इतका खूश मी त्याला इथे कधी बघितला नाही.

पण भीती पैशाची. हापूस एक वर्ष चांगला धरला तर पुढच्या वर्षी कमी येतो, अवकाळी पाऊस नाहीतर तुडतुडे आले की मोहोर गेलाच, मग हप्ता कशावर भरायचा? नवऱ्याला रिमोट काम मिळेल पण पगार जवळपास निम्मा. शिवाय सासूबाईंना शुगर आहे, त्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहेत, नवीन पॉलिसीत जुन्या आजाराला ३ वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं, म्हणजे तोवर त्या आजाराचा खर्च मिळत नाही. आणि मोठं दुखणं निघालं की तिकडची माणसं गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटललाच नेतात.

माझी ग्रॅच्युइटीची ५ वर्षं मार्चमध्ये भरतात, तोवर थांबणार हे नक्की. पुढचं कळत नाहीये. फ्लॅट भाड्याने दिला तर हप्त्याचा अर्धाच भाग निघेल, विकावा का? सिंधुदुर्गात असं कोणी परत गेलंय का, महिन्याचा खर्च किती येतो, पावसात लाईट आणि नेट टिकतं का, किती पैसे बाजूला ठेवून निघालात? प्लीज स्वतःचा अनुभव सांगा.