सौरपंपाचं कार्बन क्रेडिट: करारावर सही करू का? मदत हवी आहे

चोपडा तालुक्यात 4 एकर, कापूस आणि थोडी केळी. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून 5 एचपीचा पंप बसवलाय, 10 टक्के हिस्सा भरून. त्याआधी डिझेल इंजिन होतं.

आता गावात एका कंपनीचा माणूस फिरतोय. पंपाचे 'कार्बन हक्क' 15 वर्षांसाठी लिहून द्या, दरवर्षी 10 क्रेडिट मिळतील, परदेशी कंपन्या घेतात, म्हणतो. सोबत सातबारा आणि आधारची झेरॉक्स हवी.

मी हिशोब मांडला. एक क्रेडिट म्हणजे हवेत जाण्यापासून वाचवलेला 1 टन कार्बन डायऑक्साइड. एक लिटर डिझेल जळालं की साधारण 2.7 किलो निघतो. माझं वर्षाचं डिझेल फार तर 300 लिटर, म्हणजे पुरता एक टनही होत नाही! मग 10 कुठून आले? (साहेब म्हणे, 'ते सॉफ्टवेअर काढतं.')

प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक मागितला, तर 'प्रोसेसमध्ये आहे'. व्हेरा आणि गोल्ड स्टँडर्ड या कार्बन क्रेडिट प्रकल्प नोंदवणाऱ्या संस्थांच्या नोंदवहीत नाव शोधलं, सापडलं नाही. कृषी सहायकांना विचारलं, त्यांनाही कल्पना नाही. करार इंग्रजीत आहे, मध्येच सोडला तर दंड. क्रेडिटसाठी बांबू किंवा झाडं लावायचा विषय नाही, फक्त पंप.

कोणी असा करार केला असेल किंवा या क्षेत्रात असेल तर सांगा: पंप सरकारी अनुदानातून, म्हणजे क्रेडिट नसतं तरी बसलाच असता. अशा पंपावर क्रेडिट मुळात निघतं का? आणि निघत असेल तर त्यावर हक्क माझा, की योजना राबवणाऱ्यांचा?