मदत हवी आहे : वनस्पतींच्या पेशीअंगकांतील डीएनए इतका स्थिर कसा राहतो?

सर्व जाणकारांना नमस्कार. पदव्युत्तर वर्गासाठी टिपण तयार करताना एका मुद्द्यावर अडलो आहे. प्राण्यांमध्ये तंतुकणिकांचा (मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारी अंगके) डीएनए केंद्रकातील डीएनएपेक्षा झपाट्याने बदलतो. बहुतेक सपुष्प वनस्पतींत मात्र नेमके उलटे असून, तिथे तंतुकणिकांचा वेग सर्वांत कमी, हरितलवकांचा (क्लोरोप्लास्ट, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारी अंगके) त्याहून थोडा जास्त आणि केंद्रकाचा सर्वाधिक असतो. सायलीनी नॉक्टिफ्लोरा या झपाट्याने बदलणाऱ्या वनस्पतीसारखे अपवाद तूर्त बाजूला ठेवतो.

अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपावरील २०२० च्या संशोधनात एमएसएच१ हे जनुक निकामी केल्यावर दोन्ही अंगकांतील उत्परिवर्तने बरीच वाढल्याचे दिसले. अशा रोपांच्या पानांवर पांढरट-हिरवी ठिगळेही उमटतात, म्हणजे बिघाड नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाच्या एका भागाची रचना डीएनएमधील चुकीच्या जोड्या ओळखणाऱ्या प्रथिनांसारखी, तर दुसऱ्याची डीएनए कापणाऱ्या विकरासारखी आहे. त्यामुळे चूक दिसताच ते दोन्ही धागे तोडते आणि मग शेजारच्या शाबूत प्रतीवरून दुरुस्ती होते, असे गृहीतक मांडले जाते. मला ते पटते, कारण त्यात चूक कोणत्या धाग्यावर आहे हे ठरवण्यासाठी जुना धागा कोणता आणि नवा कोणता हे ओळखावेच लागत नाही.

माझी अडचण पुढची आहे. हरितलवकात प्रती भरपूर असतात, पण एकेका तंतुकणिकेत कित्येकदा संपूर्ण जनुकसंचाची एकही प्रत नसते. मग तिथे दुरुस्तीसाठी नमुना कोठून मिळतो? प्ररोहाग्रातील (खोडाच्या वाढत्या टोकातील) पेशींमध्ये तंतुकणिका एकमेकींत विलीन होतात, तेवढे पुरेसे ठरते का? यावर प्रत्यक्ष प्रायोगिक पुरावा कोणाला माहीत असल्यास कृपया सांगावा.