पॅकेज अद्ययावत झाले म्हणजे सर्व्हर अद्ययावत झाला असे नाही

‘सगळ्या सर्व्हरवर अनअटेंडेड-अपग्रेड्स (अद्यतने आपोआप बसवणारी सोय) चालू केले की काम संपले’ असे एक मत मांडले जाते; सुरक्षा-अद्यतने वेळेवर उतरण्यापुरते ते मला मान्य आहे. पण डिस्कवरचे पॅकेज (सॉफ्टवेअरचा बसवलेला संच) बदलले तरी मेमरीत चालू असलेला जुना कोड तसाच राहतो, आणि नवा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तर रीबूट होईपर्यंत नुसता पडून असतो. नांदेडला आमच्याकडे उबुंटू या लिनक्स प्रणालीचे 40 सर्व्हर आहेत. ऐन मे महिन्यात रात्री वीज गेली, यूपीएस उतरले, आणि पहाटे वीज आल्यावर सगळे सर्व्हर एकदम अशा कर्नलवर सुरू झाले, जो कित्येक आठवड्यांपूर्वी बसवलेला असूनही आम्ही एकदाही चालवून पाहिलेला नव्हता. त्यांपैकी 6 सर्व्हरवर हेडर्सचे (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइलींचे) पॅकेज नसल्यामुळे नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर डीकेएमएसने, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणाऱ्या साधनाने, नव्या कर्नलसाठी बांधलाच नव्हता; पडद्यावर लॉगिन नीट दिसत होते, पण नेटवर्क जोडण्यांची यादी दाखवणारी ‘आयपी लिंक’ ही आज्ञा चालवल्यावर फक्त ‘एलओ’, म्हणजे सर्व्हरची स्वतःशीच असलेली अंतर्गत जोडणी, उरला होता.

तेव्हापासून रीबूटची गरज असल्याची खूण असलेली ‘रीबूट-रिक्वायर्ड’ ही फाइल कोणकोणत्या सर्व्हरवर तयार झाली आहे हे आम्ही रोज सकाळी गोळा करतो, आणि अँसिबल या अनेक सर्व्हर एकत्र हाताळणाऱ्या साधनातील ‘सीरियल’ (एका वेळी किती सर्व्हर घ्यायचे ते ठरवणारी सूचना) वापरून आधी 2 आणि मग पाच-पाच सर्व्हर रीबूट करतो. ओपनएसएसएलसारख्या (एन्क्रिप्शनचा कोड पुरवणाऱ्या) लायब्ररीसाठी रीबूट न करता नीडरीस्टार्ट, म्हणजे जुना कोड वापरत असलेल्या सेवा शोधून पुन्हा सुरू करणारे साधन, पुरेसे ठरते.